चौथा हिस्सा

रामदासपेठ, नागपूर
१४ नोव्हेंबर १९७९

श्री. आनंदराव यांस,

पाकिटावर माझं अक्षर पाहून पत्र बाजूला ठेवू नका. विषय तुमच्या आईंचा आहे. सोमवारी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी केलं.

डावा डोळा तुम्ही शाळेत असताना कापसाच्या वावरात पऱ्हाटीची काडी लागून गेला होता, ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा त्यांच्याकडे हा एकच. एकुलत्या डोळ्याला हात लावायला कोणीही सर्जन कचरतो, तशी मीही कचरत होते. त्याही 'पाहू पुढं' म्हणून टाळत होत्या. दसऱ्यानंतर मात्र त्यांनी एकाएकी हट्ट धरला. न्हाणीघरापर्यंत भिंत चाचपत जात होत्या, दूध उतू गेलेलं वासावरून कळत होतं. मी म्हटलं, आमच्या सरांकडून करून घेऊ, त्यांचा हात माझ्याहून मुरलेला आहे. तर म्हणाल्या, "तुह्या सराची अन् माही काय वळख? तू रोज माह्या ताटात वाढतं, मंग तुले माहा डोया काहून नाई करता येत?"

मग सोमवार ठरला.

ऑपरेशन नीट झालं. भिंग अख्खं निघालं, आतलं काही सांडलं नाही. शेवटी नेहमीप्रमाणे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली जेंटामायसिन हे जंतू मारणारं औषध टोचलं. इथं अजून आम्ही तेवढंच करतो. तुमच्याकडे इंग्लंडात काय पद्धत आहे ठाऊक नाही.

आज पट्टी बदलली. पापणी जराशी सुजली आहे. ठणका आहे म्हणतात. टाक्यांमुळे असेल.

तुम्ही परत का येत नाही याचं कारण मला माहीत आहे. आईंनाही माहीत आहे. पण दुसरीला ते माहीत नाही असं धरून आम्ही दोघी एका घरात राहतो, आणि बरं चाललं आहे. मला तुमच्याकडून काही नको. त्यांना चार ओळी लिहा, मी वाचून दाखवीन.

देवकी


नागपूर
१५ नोव्हेंबर

आनंदराव,

कालच्या पत्रात मी 'जराशी' असं लिहिलं. ते खरं नव्हतं. कालच बुबुळाच्या मागे, तळाशी, पुवाची पांढरी रेघ धरलेली मी पाहिली होती. पत्र लिहिताना वाटलं, कागदावर नाही उतरवलं तर उद्यापर्यंत ती विरेल. आज पू अर्ध्यावर चढला आहे. टॉर्च मारला की आतून लाल चमक परत यायला हवी, तिथं पिवळट धुकं आहे.

त्या एकट्या नाहीत. त्यांच्यामागून टेबलावर घेतलेला ताराचंद, गांधीबागेत कापडाच्या गठड्या वाहणारा हमाल, त्याचाही डोळा आज तसाच आहे, पण एक पायरी मागे. त्या दिवशीचे बाकी सगळे डोळे स्वच्छ आहेत. डोळा धुवायच्या पाण्याची एक बाटली फक्त या दोघांना लागली होती. उरलेलं पाणी लॅबमध्ये दिलं, त्यात जंतू मिळाले. बाटली बाहेरून सीलबंद आली होती, झाकण माझ्यासमोर उघडलं होतं. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून राहिले आहे.

दोघांना मागच्या वेगळ्या खोलीत हलवलं आहे, मध्ये पडदा. ऑपरेशनच्या दिवसापासून ताराचंदची बायको गोपिका दोघांचंही करते. ती 'जयभीम' म्हणून आत येते. पहिल्या दिवशी आईंनी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही, मी येईपर्यंत तहानलेल्या पडून राहिल्या. आज घेतलं.

शिरेतून औषध चालू आहे, रोज पडद्याखाली टोचते आहे. तुम्हाला काय सांगायचं, रक्तातलं औषध डोळ्याच्या आतल्या पोकळीत उतरत नाही. शरीरानं डोळ्याभोवती अशी काही भिंत बांधली आहे की विषही आत जाऊ नये आणि औषधही. आई विचारत होत्या, एवढ्या सुया टोचून राहिली तरी ठणका काहून कमी होत नाही. मी त्यांना सोपं करून सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "म्हंजे कोठीतल्या जवारीले कीड लागली, अन् तू कोठीले भाईरून पावडर मारून राहिली."

अगदी तेच.

आता एकच उरतं. सुई थेट डोळ्याच्या आत घालायची आणि औषध तिथं सोडायचं. मी हे कधी केलेलं नाही. नागपुरात कोणी केलेलं मला माहीत नाही. मागच्या वर्षी दिल्लीच्या परिषदेत ऐकलं होतं, पण तिथं दोन मापं ऐकली. एक अमेरिकेतलं, छापून आलेलं. दुसरं त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकं; एक जण चहाच्या वेळी म्हणाला होता की मोठ्या मापानं डोळ्याचा आतला पडदा, ज्यावर चित्र उमटतं तो, जळतो असा त्याला संशय आहे. संशयच, पुरावा नाही. कमी पडलं तर पू डोळा खातो. जास्त झालं तर औषधच खातं.

तुमच्या डोळ्यांच्या विभागात हे करतात, हे मला तुमच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं. म्हणून आज दुपारी तारघरात जाऊन ट्रंक कॉल लावला. एका बाईंनी घेतला. तुम्ही बाहेरगावी असल्याचं सांगितलं. आवाज बरा होता, घाईत नव्हता. मी कोण ते विचारलं. तुमच्या आईंची डॉक्टर, असं मी म्हटलं. हल्ली खरं तेवढंच आहे. दोन्ही मापं त्यांना लिहून घ्यायला लावली, आणि कुठलं वापरता ते तारेनं कळवा असा निरोप दिला.

हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते आहे. दुसऱ्या कोणाला लिहू?

देवकी


नागपूर
१७ नोव्हेंबर

आनंदराव,

तुमची तार मिळाली. केव्हा, ते पुढे येईल.

काल सकाळी सर दोघांना पाहून गेले. पलंगांच्या मध्ये उभे राहून इंग्रजीत म्हणाले, "दोघांचेही डोळे जाणार आहेत. तुला आत औषध घालायचंच असेल तर आधी त्या हमालाला घाल. एक दिवस थांब. काय होतं ते पाहून मग आपल्या माणसाचं ठरव."

सर वाईट नाहीत. मला त्यांनी हात धरून शिकवलं आहे. माझी काळजी वाटली म्हणूनच ते बोलले. आणि आनंदराव, मी ताबडतोब 'नाही' म्हटलं नाही. ताराचंद पडद्यापलीकडे उताणा पडला होता, त्याला इंग्रजी कळत नव्हतं.

सर गेल्यावर आईंनी विचारलं, "सायेब काय म्हणे?"

"काही नाही. औषधाचं."

"तू अशी चूप काहून झाली मंग? तुहा श्वास आयकू आला मले."

मग मी सांगितलं, हळू आवाजात, सगळं. दोन मापांचंही सांगितलं. मोठं माप छापून आलेलं आहे. लहान माप कोणीतरी बोललेलं. त्यांना फक्त एक गोष्ट नीट समजून घ्यायची होती. "जास्त झालं तं डोया जाईन, अन् नाई देल्लं तरी जाईन?"

"हो."

"अन् त्याचा दुसरा डोया?"

"त्यातही मोतीबिंदू आहे. पण आहे."

"लेकरं?"

"तीन. लहान आहेत."

थोडा वेळ त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "माह्यावर करून पाह्य पहिले. मी कोन्या गठड्या वायतो? काय व्हाचं ते माह्यात दिसन तुले, मंग त्याचं कर. अन् सायबाले सांग, आपलं मानूस म्हंजे मीच होती नं, मंग मीच सांगून राहिली."

मी मोठं माप दिलं.

का, ते तुम्ही विचाराल म्हणून लिहिते. पू तासातासाला वाढत होता. लहान मापामागे फक्त एका माणसाचा संशय होता, मोठ्या मापामागे छापलेला अनुभव. तुमच्या तारेची दुपारपर्यंत वाट पाहावी असं एकदा वाटलं, पण डोळा पाहिला आणि थांबवेना. डोळ्याभोवती भूल दिली. बुबुळाच्या कडेपासून थोडं मागे, पांढऱ्यातून सुई आत घातली. आधी थोडा पू ओढून घेतला, तेवढीच जागा झाली, त्या जागेत औषध सोडलं. सगळं मिळून श्वास धरून ठेवता येईल एवढा वेळ. आई हलल्या नाहीत. शेवटी विचारलं, "गेलं का कोठीत?" मी म्हटलं, गेलं.

ताराचंदला मी संध्याकाळी घेणार होते. त्याच्यासाठीही तेच माप भरून ठेवायला सांगितलं होतं. टेबलावर त्याला झोपवलं, आणि शिपाई तार घेऊन आला. तुम्ही लहान माप लिहिलं होतं, आणि पुढे इंग्रजीत 'मोठं देऊ नये'.

मी भरलेलं औषध ओतून दिलं आणि नव्यानं पातळ केलं. मोजताना थोडं सांडलं म्हणून सरांनी ते काम माझ्या हातून घेतलं. टोचलं मीच. ताराचंदनं विचारलं, "काय झालं बाई, काहून थांबल्या?" मी म्हटलं, औषध बदललं, चांगलं मिळालं. तो म्हणाला, "मंग आजीलेही तेच द्या."

आज दोघांचाही पू थांबला आहे. आईंचा ठणका गेला. डोळ्याचा आतला पडदा अजून दिसत नाही, धुकं आहे. ते निवळेपर्यंत काहीच सांगता येणार नाही.

त्या बाईंचे आभार माना. निरोप त्यांनी बरोबर पोचवला.

देवकी


नागपूर
५ डिसेंबर

आनंदराव,

तुमच्या पत्रातलं पहिलंच वाक्य 'आईला किती दिलं?' हे आहे. याचं उत्तर माझ्या मागच्या पत्रात होतं, ते तोवर तुम्हाला मिळालं नसावं. आता मिळालं असेल.

धुकं निवळलं. आतला पडदा मला परवा पहिल्यांदा नीट दिसला. मधोमध, जिथं माणसाची खरी नजर असते, तिथं तो दुधासारखा पांढरा आहे, आणि त्यातल्या रक्तवाहिन्या वाळलेल्या दोऱ्यासारख्या. जंतूंनी असं होत नाही. ते औषधानं झालं आहे. चहाच्या वेळी बोलणाऱ्या त्या माणसाचा संशय खरा होता. बाहेरून पाहाल तर डोळा निर्मळ आहे, लाली नाही, पाणी नाही. कोणालाही वाटेल की दिसत असेल. त्यांना उजेड कळतो. खिडकी कुठं आहे ते सांगतात. त्यापलीकडे काही नाही, आणि होणार नाही.

ताराचंद परवा घरी गेला. समोर धरलेली बोटं मोजून सांगतो. चष्म्यानं पुष्कळ सुधारेल. तुम्ही लिहिलं आहे की तार एक दिवस आधी करता आली असती, निरोपाचा कागद टेलिफोनपाशी राहून गेला होता. ते मी आईंना वाचून दाखवलं नाही. तुमच्या घरातलं कागदांचं मला माहीत करून घ्यायचं नाही.

आईंना मी खरं सांगितलं. त्या स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या. हे काम त्यांना डोळ्याविना येतं. मी सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आनंदाची तार ताराचंदाच्या येळेवर आली होती नं?"

"हो."

"म्हंजे त्याचा डोया आनंदानं वाचवला."

"हो, आई."

"मंग चांगलं शिकला तो तिकडं," एवढंच म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या.

मी इतके दिवस समजत होते की त्यांना तुम्हाला पाहायचं होतं, म्हणून त्यांनी डोळ्याचा हट्ट धरला. तसं मी त्यांना बोलून दाखवलं, म्हटलं, तुमची ती इच्छा माझ्या हातून राहिली. तेव्हा त्यांनी हातातलं खाली ठेवलं.

"त्याले पाहून काय करू? त्यानं येऊन दाखवावं तोंड. मले गावाले जाचं होतं. कळमेश्वरच्या घरी. दिसलं असतं तं भाकर थापली असती माही मी, राहिली असती एकटी. तुले मोकळं कराचं होतं. नवरा सोडून गेला, अन् तू त्याची माय सांभाळून राहिली. तुही उमर काय झाली वं? कोनी सांगितलं तुले हे?"

त्यांनी माझ्यासाठी केलं, आनंदराव. मी कधी मोकळीक मागितली नव्हती. औरंगाबादच्या नोकरीचं पत्र मी उन्हाळ्यात फाडून टाकलं, ते त्यांना दिसलं नव्हतं, पण फाडल्याचा आवाज ऐकू आला असेल.

ऑपरेशन संपताना, टेबलावरच औषधाचा थेंब आत सोडला असता तर जंतूंना घर करायला वेळच मिळाला नसता, असं मला सारखं वाटतं. कोणी करत नाही. किती सोडायचं, कशात मिसळून, कुठवर झेपतं, कोणालाच ठाऊक नाही. सरांना विचारलं. ते म्हणाले, उद्या कोणी ठरवील. मी म्हटलं, उद्यापर्यंतचे डोळे? सरांनी पुढचा पेशंट आत बोलावला.

दोघांना सुई दिली त्या दिवसापासून मी ऑपरेशनला उभी राहिलेली नाही. तपासणी तेवढी करते.

देवकी


नागपूर
९ जानेवारी १९८०

आनंदराव,

येताय ते कळलं. आईंना सांगितलं आहे. त्यांनी विचारलं, "एकटा येते का?" मी म्हटलं, एकटे.

काही गोष्टी आधी सांगून ठेवते.

आल्या आल्या त्यांच्या डोळ्यात टॉर्च मारू नका. तुम्हाला मोह होईल, आपला धंदाच तसा आहे. गेल्या महिन्यात सरांपासून शिकाऊ पोरांपर्यंत सगळ्यांनी तो पडदा पाहिला आहे, त्या निमूट हनुवटी वर करतात. तुम्ही तरी मुलासारखे या.

बाटलीची चौकशी झाली. आणलेला साठा परत गेला, दुसऱ्या ठिकाणाहून आणू लागलो. यापलीकडे काही होईल असं वाटत नाही.

ताराचंद आणि गोपिका दर रविवारी येतात. त्याला जाड भिंगांचा चष्मा मिळाला आहे. अजून पावलं चुकतात, उंबरा उंच समजून पाय फार वर उचलतो. मागच्या रविवारी आईंनी त्याला जवळ बसवलं आणि विचारलं, "मी कशी दिसून राहिली गा?"

तो गडबडला. "कशी म्हंजे? म्हतारी दिसता, आजी."

"डोया कसा दिसते?"

"चांगला दिसते. माह्यापेक्षा चांगला."

आई हसल्या. गोपिकेला हसू आवरेना, आणि मग तीच रडायला लागली. ताराचंदला दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करून हवं आहे, आणि माझ्याच हातून. मी सरांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "आजीनं तुमच्याच हाती देल्ला नं?" मी अजून हो म्हटलेलं नाही. पण काल थिएटरमध्ये जाऊन हत्यारं हातात धरून पाहिली. हात स्थिर होते.

आपल्या दोघांचं जे काही आहे ते या भेटीत काढू नका. कागद आणणार असाल तर आणा, मी सही करीन. आईंना इंग्लंडला न्यायचं म्हणत असाल तर ते मनातून काढा. ते मीही नाही म्हणेन आणि त्याही. त्या माझ्याकडे राहतील. मोकळं व्हायचं की नाही हे ठरवायचा हक्क मलाही आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान्य केलं असं म्हणवत नाही.

आणखी एक. हे तुम्ही आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

त्यांची खाट मी हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीपाशी टाकली होती, उजेड कळतो म्हणून. सकाळी मी चहा घेऊन गेले की त्या म्हणत, "उजाडलं वं." आज मला तपासणीला लवकर जायची घाई होती, चहा न देताच गेले. परत आले तेव्हा दहा वाजून गेले होते, ऊन सरळ त्यांच्या तोंडावर होतं. त्यांनी विचारलं, "देवकी, आज कवापासून जागी हाओ मी. उजाडाले किती येळ हाय?"

मी त्यांच्या डोळ्यासमोर हात नेला, बाजूला केला, पुन्हा नेला. ऊन, सावली, ऊन. चेहऱ्यात काही हललं नाही.

मला खोटं सांगता आलं असतं. थंडीचे दिवस आहेत, उशिरा उजाडतं, असं म्हटलं असतं तर एखादा दिवस निघाला असता. मी खाटेवर बसले आणि म्हटलं, "आई, उजाडलेलं आहे."

त्यांचा हात माझ्या हातात होता, तो त्यांनी काढून घेतला नाही. मग म्हणाल्या, "मंग खाट हिथं काहून ठेवली? सैपाकघरात घे. तिथं तुहा आवाज तं येईन."

शेजाऱ्यांना बोलावून खाट आत नेली आहे. तुम्ही दारात उभे राहिलात तर त्या तुम्हाला दिसणार नाहीत. आत यावं लागेल.

देवकी